झाडं लावणाऱ्या माणसाची फिल्म: तीस मिनिटं निवेदन हवंच का?

रानवाट: काल इथे एकाने लिहिलं की फ्रेदेरिक बाकची अ‍ॅनिमेशन फिल्म 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज' (१९८७) म्हणजे चित्रांवर वाचलेला निबंध, आणि स्टीव्ह कट्सची छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म 'मॅन' (२०१२) तेच काम साडेतीन मिनिटांत, न बोलता करते. डोकंच फिरलं. तेच काम नाही हो करत! 'मॅन'मध्ये माणूस नाचत नाचत सगळं मारत सुटतो, कचऱ्यावर राजा होऊन बसतो, शेवटी परग्रहावरचे येऊन त्याला चिरडतात, आपण खूश, विषय संपला. बाककडे फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचा डोंगर सुरुवातीला करडा, रंगच नाही, नुसता वारा. मग एका मेंढपाळाने लावलेले ओक वाढतात तसा हिरवा चढत जातो, झऱ्यांना पाणी येतं, माणसं परत येतात. रंगीत पेन्सिलीने हजारो चित्रं काढलीत, तीही एका डोळ्याची नजर गेलेली असताना. आवाज बंद करून बघा, तरी गोष्ट कळते.

चिमणबाग: कळते तर निवेदन ठेवलं कशाला? वर्गात दाखवली मी, थोड्याच वेळात चुळबूळ सुरू. 'मॅन' मात्र परत लावा म्हणून मुलं मागे लागली. १९८८ ला ऑस्कर मिळालं म्हणून मुलांनी गप्प बसायचं का?

माळकरी: निवेदनाचं राहू द्या, माझा राग वेगळाय. असल्या फिल्म बघून लोकांना वाटतं उजाड दिसलं की झाड लावा. आमच्या माळावर चर खणून गिरिपुष्प हे बाहेरदेशचं झाड लावलं, गवत गेलं, मेंढरांची चराई गेली. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं, तेव्हा माळ कुठला आणि रान कुठलं हे कोण बघत बसलं? माळ म्हणजे पडीक जमीन नाही!!

रानवाट: तो मेंढपाळ ओक, बीच, भूर्ज लावतो, तिथलीच झाडं. गिरिपुष्पाचं खापर बाकवर का?

माळकरी: मेंढपाळ म्हणालात ना, मग पुढचंही सांगा. रोपं खातात म्हणून तो मेंढ्याच काढून टाकतो, चार ठेवतो आणि मधमाश्या पाळतो. धनगराच्या घरात बसून बघा हे.

चिमणबाग: मुळात ज्याँ जिओनो या फ्रेंच लेखकाची गोष्ट आहे ती, १९५३ ची, माणूस काल्पनिक. एवढं भांडताय कशावर?

माळकरी: काल्पनिक माणसावर नाही, आमच्या गेलेल्या गवतावर भांडतोय. तुम्हाला नाही कळायचं.

रानवाट: बरं, मेंढ्यांचं तेवढं मान्य, ते फिल्ममध्ये पटकन उरकलंय. बाकी एक शब्द मागे घेत नाही. आणि माळावरची फिल्म खरंच कुणीतरी काढा, पावसात हिरवं, दिवाळीनंतर पिवळं पडत जाणारं गवत, ते पेन्सिलीनेच निघेल.

माळकरी: काढा. पण त्यात मेंढरं चरताना दिसली पाहिजेत.