बांधीत गंजाचे धागे, संत्र्यात पिवळी पानं: लोह जातं तरी कुठं?

प्रश्न (संत्रा_बांधी): रामटेककडच्या धानाच्या बांधीत दीड फूट खणलं की राखाडी मातीत मुळांच्या वाटेनं तांबडे धागे दिसतात, मधेमधे काळे गोल खडेही. काटोलच्या संत्र्यात उलटं: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. माती तपासणीत लोह ३.२ पीपीएम (दहा लाखांत ३.२ भाग), सामू (पीएच) ८.३. एकीकडे साचतं, दुसरीकडे कमी, असं का? बागेत आळ्यात हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) टाकावं का?

मातीवाला: बांधीत पाणी तुंबलं की जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मँगनीज, आणि त्यानंतर लोहाकडे वळतात. फेरिक लोहाचं (गंजातलं, न विरघळणारं) फेरस (विरघळणारं) होतं. ते पाण्यात विरघळून सरकतं, म्हणून माती राखाडी. धानाच्या मुळांत मात्र हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून खाली उतरलेल्या ऑक्सिजननं फेरस पुन्हा फेरिक होतं आणि मुळाभोवती गंजाचा लेप बसतो. तुमचे धागे तेच. वर्षानुवर्षं ओलं-कोरडं होत राहिलं की एकाच जागी थर चढत खडा तयार होतो. बांधीतल्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडी फिरवा: लोहाचा असेल तर तुकडे पडतात, तेल असेल तर परत जुळतं.

गिट्टी_मुरूम: खडा लोहाचाच, हे गृहीत धरू नका. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, जोरात फसफसला तर चुनखडी. हायड्रोजन पेरॉक्साइडनं फेस आला तर मँगनीज. मनसरला मँगनीजची खाणच आहे, त्या पट्ट्यात हे आधी पाहा.

बागवान_काटोल: भाऊ, काळ्या मातीत एकूण लोह टक्क्यांत मोजण्याइतकं आहे, झाडाला मिळत नाही एवढंच. सामू एकनं वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीनं घटते. तपासणीत दिसतं ते झाडाला मिळण्याजोगं लोह; ते ४.५ पीपीएमच्या खाली असलं की कमतरता धरतात. चुनखडीच्या जमिनीत हिराकस टाकलं तर लवकरच गंज होऊन बसतं, पैसा मातीत. फवारणी करा: १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हिराकस आणि २५० ग्रॅम चुन्याची निवळी, नव्या पालवीवर, संध्याकाळी. हिरवं हिराकसच घ्या. तपकिरी पडलेलं बरंचसं आधीच फेरिक झालेलं असतं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग); ईडीटीए चिलेट या सामूला टिकत नाही.

मातीवाला: आणि पाण्याचा हात आखडता घ्या. चुनखडीच्या चिबड (पाणी साचून राहणाऱ्या) जमिनीत बायकार्बोनेट वाढतं आणि पिवळेपणा आणखी वाढतो. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर लोह सोडा, नत्र तपासा.