स्टेंट काढायचा राहून गेला: हलगर्जीपणा कोणाचा?

प्रश्न

माझ्या वडिलांच्या डाव्या मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीने काढला, तेव्हा आत डीजे स्टेंट (लघवी वाहती राहावी म्हणून मूत्रवाहिनीत काही काळापुरती ठेवायची नळी) ठेवला होता, हे आम्हांला चौदा महिन्यांनी कळले. मधल्या काळात त्यांना लघवीला जळजळ होत असे, अधूनमधून कंबर दुखे. वयाचे दुखणे समजून ते सारे अंगावर काढत राहिले. स्टेंटवर क्षारांचे जाड थर चढल्यामुळे तो तीन टप्प्यांत काढावा लागला आणि डाव्या मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावले आहे. सहा आठवड्यांनी यायला तोंडी सांगितले होते, असे रुग्णालय म्हणते. डिस्चार्ज कार्डावर मात्र पुढील भेटीच्या रकान्यात ‘गरज वाटल्यास’ एवढेच लिहिले आहे. स्टेंटचा उल्लेख केवळ शस्त्रक्रियेच्या टिपणात आहे आणि ते टिपण आमच्या हाती कधी आलेच नाही. याला हलगर्जीपणा म्हणता येईल का?

पहिला प्रतिसाद

मी मूत्रविकार विभागात काम करतो. टाके रुग्णाला दिसतात. दोन्ही टोकांना वळलेली ही नळी दिसत नाही. त्यामुळे ती आत आहे हे लक्षात ठेवण्याची पहिली जबाबदारी ठेवणाऱ्याची, असे माझे मत आहे. शिवाय स्टेंटमुळे थोडी जळजळ होतेच, त्यामुळे धोक्याची खूण आणि नेहमीचा त्रास यांतला फरक रुग्णाला कळत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या स्टेंटपैकी ९.२ टक्के, सहा ते बारा आठवड्यांत काढलेल्यांपैकी ४७.५ टक्के आणि त्यानंतर काढलेल्यांपैकी ७६.३ टक्के स्टेंटवर थर आढळले होते. आमच्याकडे एक साधी वही आहे: ठेवल्याची तारीख, काढल्याची तारीख. दुसरा रकाना कोरा दिसला की फोन जातो.

दुसरा प्रतिसाद

सहानुभूती आहे, पण चौदा महिने त्रास होत असताना एकदाही डॉक्टरांकडे न जाणे हेही दुर्लक्षच नव्हे का?

तिसरा प्रतिसाद

मी वकील आहे. रुग्णाच्या दुर्लक्षामुळे भरपाई कमी होऊ शकते. परंतु जी गोष्ट त्याला सांगितलीच नाही, तिच्याकडे त्याने दुर्लक्ष केले असे म्हणणे अवघड आहे. खरी कसोटी पुढे आहे. केवळ चूक झाली हे दाखवून भागत नाही, तर मूत्रपिंडाची हानी त्या चुकीमुळेच झाली हेही सिद्ध करावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या शोधा. त्यांत मूत्रपिंड ठीक असेल तर बाजू भक्कम होते. तक्रार करण्याआधी संपूर्ण नोंदींची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दावा दाखल करण्यास मुदत असते. ती शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजायची की स्टेंट लक्षात आल्यापासून, यावरच पुष्कळदा वाद होतो, तेव्हा वेळ दवडू नका.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दुसऱ्या प्रतिसादाला उत्तर द्यायचे म्हणून जुने कागद काढले आणि वडील खरोखर डॉक्टरांकडे गेले होते, हे समजले. सातव्या महिन्यात कंबरदुखीसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला होता. अहवालात मणक्यांविषयी तपशीलवार लिहिले असून शेवटच्या ओळीत ‘डावीकडे मूत्रवाहिनीत स्टेंट दिसतो’ असे आहे. चिठ्ठीवर मात्र वेदनाशामक गोळ्या आणि कमरेचा पट्टा एवढेच.

तिसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

मग प्रश्न एका रुग्णालयापुरता राहत नाही. मूळ अहवाल आणि ती चिठ्ठी जपून ठेवा, दोन्ही कोणाच्याही हवाली करू नका, छायाप्रतीच द्या. स्वतंत्र मूत्रविकारतज्ज्ञाचे मत घेताना त्यांना हे नेमके विचारा: सातव्या महिन्यात स्टेंट काढला असता, तर मूत्रपिंड कितपत वाचले असते?