बाबांच्या जुन्या डीव्हीआय फाइलची पीडीएफ: मजकूर सरकतोय, अक्षरं कुरतडलेली (डेमी, सीटीपी)

पाऊसपाणी:
नमस्कार. पोस्ट लांबली आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय घोळ कळणार नाही.

बाबा कॉलेजात गणित शिकवायचे. २००४ साली त्यांनी भूमितीवर मराठीत एक पुस्तक लिहिलं, १३६ पानी, डेमी (साडेपाच बाय साडेआठ इंच). जुळणीही स्वतःच केली, टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये, वेल्थुइस देवनागरी हे पॅकेज वापरून. म्हणजे मराठी रोमन अक्षरांत टाइप करायचं, डेवनाग नावाचा प्रोग्रॅम त्याचं टेकला कळेल असं करून देतो, मग लाटेक (टेकवरच बेतलेलं), त्यातून मांडलेल्या पानांची डीव्हीआय फाइल, मग ती डीव्हीआयपीएस या प्रोग्रॅममधून प्रिंटरला. घरच्या लेसर प्रिंटरवर ए४ ट्रेसिंग पेपरवर पानं काढली आणि प्रेसने त्यावरूनच प्लेटा केल्या. मी तेव्हा शाळेत होते. वाळत घातलेल्या पापडांसारखी ती पानं खोलीभर पसरलेली असायची आणि पंखा लावायची बंदी.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आता ३०० प्रती पुन्हा काढायच्या आहेत. त्यांचं होम फोल्डर जसंच्या तसं नव्या उबुंटूवर आणलं, टेक लाइव्ह (टेकचा आजचा संच) टाकलं. फाइल एकाही चुकीशिवाय चालली (डोळ्यांत पाणी आलं, खरंच). पण प्रेसने पीडीएफ परत पाठवली:

एक तर पान ए४ आहे, डेमी नाही. दुसरं, डावा समास कमी पडतो. मी डॉक्युमेंटमध्ये समास वाढवून पाहिला. जेवढा ठरवते त्यापेक्षा ६ मिमी कमीच भरतो. २० दिला की १४, २५ दिला की १९. फूटपट्टी लावून लावून वेड लागायची पाळी आलीय. तिसरं, त्यांच्या ऑपरेटरने स्क्रीनवर मोठं करून फोटो पाठवला, शिरोरेषा सोडून प्रत्येक रेघेला जिन्यासारख्या पायऱ्या आहेत. 'क्ष' तर उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो.

डीव्हीआयपीएसच्या सेटिंगमधलं मला काही कळत नाही. कुठे बघू?

युनिकोडराव:
डीव्हीआय? आजच्या काळात? झीलाटेकमध्ये (युनिकोड कळणारं लाटेक) घ्या, युनिकोड फाँट लावा, थेट पीडीएफ. एका रविवारचं काम आहे.

पाऊसपाणी:
रविवारचं नाही हो. फाँट बदलला की प्रत्येक ओळ फिरणार. बाबांनी प्रत्येक सिद्धता आकृतीसमोरच्या पानावर येईल अशी बसवली आहे, पन्नासेक ठिकाणी. ते मोडायचं नाही.

प्लेटवाला:
मी सीटीपीवर (संगणकावरून थेट प्लेट काढायचं मशीन) बसतो. ताई, तुमचा ऑपरेटर बरोबर बोलतोय. आमचं मशीन २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) प्लेट मारतं. तुमची अक्षरं ६०० च्या बिटमॅपमध्ये, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी काढलेली, असतील तर तुमच्या एका ठिपक्याचे आमच्याकडे सोळा होतात, चार आडवे, चार उभे. शिरोरेषा सरळ असते म्हणून वाचते, तिरक्या आणि गोल रेघांना पायऱ्या पडतात. साध्या मॅपलिथो कागदावर शाई थोडी पसरते, त्यामुळे बऱ्याच वाचकांच्या लक्षातही येणार नाही, पण लूप (भिंग) लावला की दिसणारच. टर्मिनलमध्ये 'पीडीएफफाँट्स' चालवा (पीडीएफमधले फाँट दाखवतं; कमांड रोमनमध्ये, मी मोबाइलवर आहे). प्रकाराच्या रकान्यात 'टाइप ३' आलं तर बिटमॅप समजा. आणि प्रेसला 'फिट टू पेज' करू देऊ नका, आकृत्यांची मापं बिघडतील.

पाऊसपाणी:
चालवलं. वरपासून खालपर्यंत टाइप ३. मराठीही आणि गणिताची अक्षरंही.

खिळेजुळारी:
मराठी *आणि* गणित दोन्ही? मग मला वास येतोय.

वेल्थुइसचे फाँट मूळ मेटाफाँटमध्ये, म्हणजे टेकच्या जोडीच्या अक्षरं काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आहेत. मेटाफाँट अक्षर कोणत्या यंत्रासाठी काढायचं ते विचारतं आणि तेवढ्याच ठिपक्यांत काढून देतं. पण टेक लाइव्हमध्ये याच फाँटांच्या टाइप १ आवृत्त्या, म्हणजे बाह्यरेषा असलेल्या, कधीच्या आल्या आहेत. टेकच्या नेहमीच्या कंप्यूटर मॉडर्न फाँटच्याही. डीव्हीआयपीएसने त्या आपणहून घ्यायला हव्यात. घेत नाहीये, म्हणजे त्याला कोणीतरी नको म्हणून सांगितलंय.

डीव्हीआय म्हणजे यंत्रनिरपेक्ष फाइल. कोणतं अक्षर कुठे, एवढंच तिच्यात असतं, तेही कागदाच्या वरून एक इंच आणि डावीकडून एक इंचावरच्या बिंदूपासून मोजलेलं. कागद केवढा, प्रिंटर कोणता, हे डीव्हीआयपीएस ठरवतो. तो आधी मुख्य 'कॉन्फिग डॉट पीएस' वाचतो आणि मग होम फोल्डरमधली 'डॉट-डीव्हीआयपीएस-आरसी' वाचतो. नावाआधी टिंब, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही. कंट्रोल आणि एच दाबा. बाबांचं होम फोल्डर जसंच्या तसं आणलंत म्हणालात ना?

पाऊसपाणी:
अरे देवा. आहे! पाचच ओळी आहेत. कमांड देवनागरीत लिहितेय:

% ha printar kagad 6 mimi... नाही, ही रोमनमधली मराठी आहे, वाचून सांगते: "हा प्रिंटर कागद ६ मिमी उजवीकडे छापतो. बदलला की ही ओळ काढणे."
ओ −६ मिमी, ० मिमी
एम एलजेफोर
डी ६००
पी बाबा डॉट मॅप

खिळेजुळारी:
सापडला तुमचा ६ मिमी. बाबांनी काढायलाही सांगून ठेवलंय.

मोठा 'ओ' म्हणजे आरंभबिंदू सरकवणं. त्यांचा प्रिंटर उजवीकडे पळायचा, म्हणून उणे सहा. तो प्रिंटर भंगारात गेला असेल, ओळ मात्र इमानेइतबारे काम करतेय. 'एलजेफोर' हे ६०० डीपीआयच्या लेसरजेट ४ चं मेटाफाँटमधलं नाव, तशा बहुतेक लेसर प्रिंटरांना चालायचं.

आणि खरी गंमत शेवटच्या ओळीत. छोट्या 'पी'नंतर अधिक चिन्ह असेल तर ती नकाशा-फाइल (कोणत्या फाँटला कोणती टाइप १ फाइल, ते सांगणारी) मूळ यादीत *जोडली* जाते. चिन्ह नसेल तर मूळ यादी रद्द होते आणि फक्त हीच उरते. २००४ मध्ये बाबांचं सगळं काम बिटमॅपनेच चालायचं, तेव्हा काही अडलं नसणार. आज मात्र एक अधिक चिन्ह नाही म्हणून टाइप १ फाँट असूनही दिसत नाहीत.

फाइल पुसू नका, नाव बदला. मग प्रिॲम्बलमध्ये (लाटेक फाइलच्या सुरुवातीला) पानाची मापं ठरवणारं जिऑमेट्री पॅकेज लावा, पर्याय 'डीव्हीआयपीएस' द्या, कागद साडेपाच बाय साडेआठ इंच. म्हणजे कागदाचा आकार डीव्हीआयमध्येच कोरला जाईल आणि ए४ चा प्रश्न मिटेल. मजकुराची रुंदी-उंची मात्र बाबांचीच ठेवा, आकडे त्यांच्या फाइलमधून उचला, नाहीतर ओळी फिरल्या म्हणून माझ्या नावाने बोंब माराल. डीव्हीआयपीएस चालवताना मोठा 'पी' आणि पीडीएफ असा पर्याय लावा. त्याने जागेची मोजणी ६०० ऐवजी ८००० डीपीआयच्या हिशोबात होते, अक्षरांमधली अंतरं नीट बसतात.

घरच्या प्रिंटरवर तपासायचं असेल तर लाटेकसोबत येणारी 'टेस्टपेज' फाइल छापा. तिच्यावर मापं असतात, फूटपट्टी लावा. चूक प्रिंटरची की फाइलची ते कळतं.

युनिकोडराव:
मानलं. अधिक चिन्हाचं मला माहीत नव्हतं.

पाऊसपाणी:
झालं!! पीडीएफफाँट्समध्ये सगळीकडे टाइप १. पान बरोबर डेमी. समास १८ दिला, १८ भरला. पान ५७ वरची पायथागोरसची सिद्धता अजून आकृतीसमोरच आहे, पहिल्यांदा तेच पाहिलं. ऑपरेटरला 'क्ष'चा फोटो पाठवायला सांगितला, गुळगुळीत आहे.

जुनी फाइल 'बाबांचा प्रिंटर' नावाने ठेवली आहे. प्रेसने आता मुखपृष्ठ सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) मागितलंय, त्यासाठी वेगळा धागा काढते.