मदत हवी आहे: कोरलेला भोपळा तीन दिवस कसा टिकवायचा?

३१ ऑक्टोबरला सोसायटीतली मुलं-पालक कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघणार. परतल्यावर हॉलमध्ये हॅलोविनचे भोपळ्याचे कंदील. अडलंय तिथेच.

चाचणीला ३ किलोचा लाल भोपळा घेतला. बिया-तंतू काढून गर बोटभर जाड ठेवला, आतून व्हिनेगरच्या पाण्याने पुसला, कडांना व्हॅसलीन लावलं. तरी दुसऱ्या रात्री डोळे आत वळले, तिसऱ्या दिवशी तळाला पांढरी बुरशी. बडोद्याचा ऑक्टोबर, दुसरं काय! आत मेणबत्ती नाही, सेलवरचा दिवा आहे. कोरणारे दोघेच, भोपळे १०, म्हणून २९ तारखेलाच सुरुवात करावी लागेल. फ्रिजमध्ये एवढे मावत नाहीत.

कोरल्यावर ब्लीचच्या पाण्यात बुडवून कुणी ठेवलंय का? बादलीला किती ब्लीच, किती वेळ, आणि नंतर नीट सुकवायचं कसं?