झाडांच्या टँकमध्ये मासे पहाटे वर येतात: एअर स्टोन लावू की नको?

प्रश्न:
टँक ३ × १.५ × १.५ फूट, पाणी साधारण १५० लिटर. ताशी १००० लिटरचा कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर), स्प्रे बार (पाणी परत सोडणारी भोकांची नळी) पाण्याखाली दोन इंच. रोटाला, व्हॅलिसनेरिया ही झाडं, २५ टेट्रा मासे. झाडांसाठी सिलिंडरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) चोवीस तास चालू. दिवसा सगळं ठीक, पण पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात. पाण्यावर तेलकट तवंगही आहे. एअर स्टोन (एअर पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड) लावला तर सीओटू उडून जातो म्हणतात, खरं का?

प्रतिसाद १:
आधी सीओटू रात्री बंद करा. अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट माशांसारखीच ऑक्सिजन वापरतात. त्यात सिलिंडर चालू, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. सोलेनॉइड (सीओटू चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) टायमरवर टाका: टँकचा लाइट लागण्याआधी दीड तास सुरू, लाइट बंद होण्याआधी एक तास बंद. एअर स्टोन फक्त लाइट बंद असताना चालवा, तेव्हा सीओटू उडाला तर फायदाच आहे.

दुसरी गोष्ट तवंग. ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो, तवंग त्याला अडवतो. एअर स्टोनच्या बुडबुड्यांचं खरं काम तळाचं पाणी वर आणणं आणि पृष्ठभाग हलता ठेवणं. स्प्रे बार पातळीच्या लगेच खाली आणा, भोकं किंचित वर वळवा. लहरी दिसायला हव्यात, खळखळाट नको.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत, पण फक्त पृष्ठभाग हलवून भागत नाही. खोक्यावरचा १००० हा आकडा मीडिया (फिल्टरमधलं गाळण्याचं साहित्य) न भरता मोजलेला असतो. प्रत्यक्ष प्रवाह मोजा: फिल्टरचा आउटलेट १० लिटरच्या बादलीत सोडा, वेळ लावा. एक मिनिट लागलं तर ताशी ६०० लिटर, म्हणजे तुमच्या टँकला चौपट. मोजताना पाइपचं तोंड टँकच्या काठाइतकंच उंच धरा, खाली धरलं तर आकडा फुगतो. प्रवाह कमी भरला तर आधी इनलेटचा स्पंज आणि पाइपमधला गाळ काढा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

मग लांबच्या कोपऱ्यातल्या रोटालाकडे बघा. शेंड्याची पानं हलत असतील आणि बुंध्याजवळची निश्चल असतील, तर झाडं दाट झाली आहेत. छाटा, नाहीतर तिथे गाळ साचतो आणि खालची पानं गळतात.

प्रश्नकर्ता:
लहरी वाढवल्यावर सीओटू कमी नाही पडणार? आणि लाइट गेली तर?

प्रतिसाद ३:
पडेल. ड्रॉप चेकरमध्ये (रंगावरून सीओटू दाखवणारी टँकमधली छोटी कुपी) ४ डीकेएचचं (कार्बोनेट कठीणपणाचं माप) द्रावण असू द्या, टँकचं पाणी नको. चेकर निळसर झाला, म्हणजे सीओटू कमी, तर सीओटूचे बुडबुडे थोडेसेच वाढवा आणि पुढचे दोन तास मासे बघा, कारण चेकरचा रंग उशिरा बदलतो. पिवळा म्हणजे सीओटू जास्त.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही घाला. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. बॅटरीचा पंप घरात असायलाच हवा, विशेषतः उन्हाळ्यात: २५ अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला तर आतलं पाणी आधी बादलीत काढा, मगच टँकला जोडा.