थिएटर कमांड: आदेश नेमका कोणाचा चालणार?

प्रश्न:
थिएटर कमांड म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच कमांडरच्या हाताखाली आणणं. आता लष्कराच्या ७, हवाई दलाच्या ७, नौदलाच्या ३, अशा १७ वेगवेगळ्या कमांड आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही दोघींची मुख्यालयं एका शहरात नाहीत. गुजरातकडचंच बघा. लष्कराची दक्षिण कमांड पुण्यात, हवाई दलाची नैऋत्य कमांड गांधीनगरला, नौदलाची पश्चिम कमांड मुंबईत. सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, तिन्ही दलांचा समन्वय पाहणारे अधिकारी) या तिघांना एकत्र लढाईचा आदेश देऊ शकत नाहीत का?

प्रतिसाद १:
नाही. डिसेंबर २०१९ मध्ये पद निर्माण करतानाच सरकारने सांगितलं होतं की सीडीएसकडे लष्करी आदेशाचा अधिकार नसेल, दलप्रमुखांवरही नाही. त्यामुळे तिन्ही कमांडर आपसात समन्वय करतात आणि अडलं की विषय दिल्लीला जातो. वेळ खर्च होतो तो तिथेच. अमेरिकेलाही हा धडा मिळाला. तिची १९८० ची इराणमधली ओलीस-सुटका मोहीम फसली. लष्कर, नौदल, हवाई दल आणि मरीन अशा चारही दलांचे लोक होते, पण सगळ्यांची मिळून पूर्ण रंगीत तालीम झालीच नव्हती. १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने आदेशाची साखळी राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि थेट थिएटर कमांडर अशी केली. दलप्रमुखांकडे उरली ती माणसं आणि साहित्य तयार करण्याची जबाबदारी.

प्रतिसाद २:
शिस्तीचा मुद्दा मात्र मिटला आहे. तिन्ही दलांची संयुक्त अंदमान-निकोबार कमांड २००१ पासून आहे, पण तिथल्या कमांडरला दुसऱ्या दलाच्या जवानावर कारवाई करायची तर त्याला मूळ दलाकडे परत पाठवावं लागे. आंतर-सेना संघटना कायदा १० मे २०२४ पासून लागू झाला आणि तो अधिकार कमांडरला मिळाला. तिन्ही दलांचे मूळ कायदे आहेत तसेच आहेत.

प्रतिसाद ३:
खरी गाठ विमानांची आहे. मोजकी विमानं थिएटरांत वाटून टाकू नयेत, हा हवाई दलाचा आक्षेप हट्ट म्हणून उडवून लावू नका. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन (तुकड्या) ४२, प्रत्यक्षात बऱ्याच कमी. फाल्कन अवाक्स, म्हणजे आकाशातून दूरवर नजर ठेवणारी रडार-विमानं, फक्त ३. थिएटरांना एकेक वाटलं आणि त्यातलं एक दुरुस्तीला गेलं, तर ते थिएटर आंधळं होतं आणि शेजारच्याचं मागता येत नाही.
माझ्या मते हेलिकॉप्टर आणि जमिनीवरची हवाई संरक्षण यंत्रणा थिएटरला कायमची द्यावी. लढाऊ विमानं ठरावीक मुदतीसाठी द्यावीत, आणि तीही उड्डाणांच्या संख्येत. अवाक्स आणि टँकर (हवेतच इंधन भरणारी विमानं) केंद्राकडेच ठेवून त्यांचं रोज वाटप व्हावं. लक्ष्य कोण ठरवणार, विमान परत कोण बोलावू शकतो, मुदत कधी संपते, हे तिन्ही आदेशातच लिहिलेलं हवं. नाहीतर एकाच वैमानिकाला दोन मुख्यालयांतून दोन आदेश येतील.

प्रतिसाद ४:
यात एक जोडतो. लष्कराचं आकाशतीर आणि हवाई दलाचं आयएसीसीएस या हवाई संरक्षणाच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणांच्या जोडणीचा सराव शांततेतच व्हायला हवा. दोन पडद्यांवर एकाच विमानाचे दोन ठिपके दिसत असतील, तर कमांडर एक असूनही गोळी आपल्याच विमानावर सुटू शकते.