पवनचक्कीला आडवे येणारे ‘अडाणी’ शेतकरी : कालच्या पोस्टला उत्तर

मलप्रभाकाठ

कालची पोस्ट वाचली. सारांश असा : बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीकडं पवनचक्क्यांना आडवे येणारे शेतकरी अडाणी आहेत, जग तापतंय आणि ह्यांना फक्त भाव वाढवून पाहिजे. उत्तर देणार नव्हतो, पण ‘अडाणी’ काही पचलं नाही.

भाव वाढवून मागणं गुन्हा कधीपासून झाला? कंपनी युनिटला भाव मागते तेव्हा त्याला टेंडर म्हणतात. शेतकऱ्यानं मागितला की हाव.

कोळसा बंद व्हायला पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत वारा आणि सोलर धरलेलेच नाहीत, म्हणून जनसुनावणीही नाही. गावात पहिला माणूस येतो तो एजंट. त्यात २०२० ला कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यातलं ७९अ, ७९ब कलम गेलं, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. अशा वेळी एजंटच्या हातातला कागद वाचून बघतो म्हणणारा अडाणी?

माझ्या मेहुण्याचं शेत यरगट्टीच्या बाजूला. कंपनीचं नाव घेत नाही. चक्कीची पाती वाहून न्यायला रस्ता पाहिजे म्हणून बांध फोडला, पावसाळ्यात पाणी रानात. तक्रार घेऊन गेला तर कळलं, ज्यांच्याशी करार केला त्यांनी प्रकल्प दुसऱ्यालाच विकला. नवे म्हणतात रस्त्याचं जुन्यांना विचारा. जुन्यांचं ऑफिस आता गावात नाही. आणि वीज? ओपन अ‍ॅक्सेसनं (थेट कंपनीकडनं वीज घ्यायची सोय) बेंगळुरूच्या एखाद्या काचेच्या इमारतीच्या खात्यावर. त्यांच्या वार्षिक अहवालात हिरवं पान छापून येतं, मेहुणा रात्री दोनला पंपाच्या थ्री फेज विजेची वाट बघत बसतो.

निपाणीकर

ती पोस्ट माझीच. ‘अडाणी’ लिहायला नको होतं म्हणतोस? बरं, ‘हुशार’ म्हणतो. खूश?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात वेदगंगा आली होती. दोन म्हशी गेल्या. आईला ट्रॅक्टरवरून काढली. २०२१ च्या जुलैत परत तेच, यमगर्णीजवळ हायवे बंद. मधल्या काळात सुधारलो म्हणावं तर २०२३ ला जवळजवळ अख्खं राज्य दुष्काळी जाहीर. तुमच्या मेहुण्याच्या रानात बांधाचं पाणी आलं, आमच्या स्वयंपाकघरात नदी आली. एकेका करारावर कीस पाडत बसायला वेळ नाही ओ आता.

आणि तुमकूर जिल्ह्यातलं पावगड बघा की. २०५० मेगावॅटचा सोलर पार्क, जवळजवळ १३,००० एकर. जमीन विकत घेतलीच नाही, भाड्यानं घेतली. एकरी वर्षाला २१,००० पासून सुरुवात, पुढं वाढत जाणारं. पाऊस नसलेल्या तालुक्यात कुठलं पीक देणार होतं एवढं?

शेवटचं, रात्रीची थ्री फेज कुठली खासगी कंपनी देते सांग बघू. आपल्याकडं वीज देणारी हेस्कॉम सरकारी आहे.

मलप्रभाकाठ

पावगडचं भाडं सातबारावाल्याला. दुसऱ्याच्या रानात कामाला जाणाऱ्या बायांना काय मिळालं ते पण लिही. आणि तिथं सरकार मध्ये होतं म्हणून भाडं ठरलं. आमच्यात एजंट ठरवतो, शेजाऱ्याला एक, तुला एक.

टिळकवाडी

वीजखात्यातून रिटायर झालेला माणूस आहे, म्हणून थोडं बोलतो. तारेतल्या विजेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. मेहुण्याच्या शेजारची वीज आधी जवळच्याच सबस्टेशनात येते, बेंगळुरूला जातो तो हिशेब. खरी अडचण संध्याकाळची. सूर्य मावळतो, सोलर बंद होतं आणि घराघरात दिवे, मिक्सर, टीव्ही सुरू होतात. म्हणून तर सौंदत्तीला नविलुतीर्थाच्या जलाशयावर पंप्ड स्टोरेज येतंय. दुपारच्या स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. चढवाय-उतरवायच्या भानगडीत साधारण पाचवा हिस्सा वीज जाते, तरी परवडतं.

कंपन्यांना शिव्या द्यायच्या तर द्या. पण शरावतीचा २००० मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज राज्य सरकारच्या कंपनीचा आहे, आणि तो सिंहपुच्छ माकडांच्या अभयारण्यात. मालक सरकारी असला म्हणून कमी झाडं तुटत नाहीत.

ह्या जिल्ह्याला वीज नवी नाही. गोकाकच्या धबधब्यावर फार पूर्वीच तयार झाली. ती पण गिरणीसाठीच, गावासाठी नव्हे.

अथणीचा ऊसवाला

सगळे वाऱ्यावर बोलूलेत. स्वच्छ ऊर्जा म्हणून आमच्या गळ्यात जे घातलंय त्याचं नाव इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के घालायचं २०३० ला ठरलं होतं, ते ओढून २०२५ ला आणलं. २०२५ ला उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होते. आणि आम्ही त्याच वर्षी नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला टनाला ३५०० मागत रस्त्यावर बसलो तेव्हा म्हणे कारखाना तोट्यात! रसाला, मळीला, बगॅसच्या (चिपाडाच्या) विजेला भाव हाय. फक्त उसाला नाही.

निपाणीकर

धागा पवनचक्कीचा आहे.

अथणीचा ऊसवाला

आणि जिल्ह्यातली सगळ्यात मोठी ताकद कुणाची हाय? पवनचक्कीवाल्याला अजून आमदार ओळखत नाही. कारखान्याचा मालकच आमदार, नाहीतर त्याचा भाऊ. कॉर्पोरेट कॉर्पोरेट म्हणून बेंगळुरूकडं कशाला बघायचं, कागवाड ते गोकाक एक चक्कर मारा.

वजनकाट्याचं तर बोलूच नका. मी भरलेली गाडी बाहेरच्या काट्यावर घालून मग कारखान्यात नेली. वजन कमी. विचारलं तर वाटेत ऊस वाळला म्हणाला! अर्ध्या तासात?

टिळकवाडी

वजनाचं माहीत नाही. पण रस इथेनॉलकडं वळवला म्हणून एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव) कमी करता येत नाही. साखरेचा उतारा काढताना वळवलेली साखर धरायची असा नियम आहे.

अथणीचा ऊसवाला

नियम हाय की. बघतंय कोण? तुम्ही रिटायर झालासा.

मलप्रभाकाठ

ऊसवाले, तुमचं बरोबर, पण अर्धं. एक लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी लागतं, हे नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. भाव मिळाला तर अजून ऊस लावणार, अजून बोअर मारणार. ह्यात स्वच्छ काय आहे?

अथणीचा ऊसवाला

म्हणजे आता चोर आम्हीच. ज्वारी लावू? हमीभावाला घेणारा दाखवा, उद्या लावतो. टिळकवाडीत फिल्टरचं पाणी पिऊन शेतकऱ्याला पाणी शिकवायचं.

टिळकवाडी

पाण्याचं मी नाही लिहिलं. नाव बघून शिव्या द्या.

कणकुंबी घाट

पाण्यावर सगळ्यांचं प्रेम उतू जाऊलंय म्हणून आलो. आमच्या खानापूर तालुक्यातून म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं, २०१८ ला लवादानं कर्नाटकाला म्हादईचं एकूण १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं ३.९ ह्या वळवण्यासाठी. पाणी आमच्यातलं, पण आमच्या वाड्यांना रस्ता नाही, रात्री बाई अडली तर डोलीतून न्यायची. तिकडं गोव्याला जाणारी ४०० केव्हीची तमनार लाईन घाटातून. तमनार छत्तीसगडात, कोळशाचा मुलूख. म्हणजे कोळशाच्या नावाची लाईन, आणि झाडं आमची. वर भीमगड अभयारण्य म्हणून आम्हाला कुंपणाचा खांब रोवायला परवानगी नाही.

आणि नोटीस? ती पण कन्नडमध्येच. म्हाताऱ्यानं काय वाचायचं त्यात?

निपाणीकर

झालं. आलाच सीमाप्रश्न. आता १९५६ पर्यंत जाऊन या.

कणकुंबी घाट

तुझ्या घरात पाणी आलं तेव्हा पंचनामा कुठल्या भाषेत झाला रे? आणि सही कुणी केली? वाचून केली काय?

निपाणीकर

…बाबांनी केली. वाचून नव्हे. तलाठ्यानं सांगितलं तिथं. पडलेल्या दोन खोल्यांची एकच लागली, तो विषय काढू नकोस.

मलप्रभाकाठ

मग मेहुण्याची वेगळी गोष्ट काय आहे? तेच म्हणतोय मी सकाळपासून.

निपाणीकर

वेगळी आहे. पंचनाम्यानं वीज तयार होत नाही. ठीक, करार समजेल त्या भाषेत असावा, आणि प्रकल्प विकला तरी जुनी देणी नव्या मालकावर, हे कलम पाहिजे. एवढं दिलं. पण त्यासाठी चक्की थांबवणार असाल तर मी विरोधातच. पुढचा पूर तुमच्या कलमासाठी थांबणार नाही.

मलप्रभाकाठ

थांबवा कोण म्हणालं? पहिल्या पोस्टमध्ये दाखव.

निपाणीकर

सूर तसाच होता.

टिळकवाडी

त्या कलमाबरोबर रजिस्ट्रेशन पण बघा. नोटरीवर भागवतात पुष्कळ ठिकाणी. वर्षाच्या पुढचा भाडेकरार नोंदवावाच लागतो, नाहीतर कोर्टात उभं राहताना पंचाईत. मेहुण्यांचा नोंदवलाय काय?

मलप्रभाकाठ

विचारून सांगतो. त्याच्याकडं झेरॉक्स आहे फक्त, मूळ प्रत एजंटकडं.

टिळकवाडी

अरेरे.

अथणीचा ऊसवाला

शनिवारी आमची तोड हाय. गाडी आधी बाहेरच्या काट्यावर, मग कारखान्यात. मोबाईलवर शूटिंग करायला दोघं पाहिजेत. पवनचक्कीवाले पण चालतील.

निपाणीकर

येतो. पण धागा पवनचक्कीचा होता, एवढं लिहून ठेवा.